टोकाचा वाफा

थोरलीने परवा फोनवर विचारलं, "आजी, माझ्या छातीवरच्या रेघेची गोष्ट मला माहीत आहे. पण माझ्या पाचवीच्या दिवशी तुझं आणि आईचं भांडण झालं होतं म्हणे. ते कशावरून?" प्रश्न रास्त आहे. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून तुझ्यासाठी आणि धाकट्यासाठी लिहून काढते.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. जून उजाडायच्या आत माझं मार्चपर्यंतचं पाठटाचण तयार असे. कोणत्या आठवड्यात कोणता धडा, किती तासिका, उजळणी कधी, सगळं आखलेलं. नव्वदच्या दशकात नव्या शिक्षिका माझी वही मागून न्यायच्या आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. निवृत्त झाले तरी आखायची सवय गेली नाही.

दोन हजार सालानंतरच्या दशकाची अखेरची वर्षं होती. तुमची आई पाचव्या महिन्यात होती. नाशिकच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाबद्दल शंका आली आणि मुंबईला जायला सांगितलं. तुमचे बाबा तेव्हा कामासाठी परदेशी होते, म्हणून मी बरोबर गेले. नाशिकच्या द्वारका चौकातून सकाळची टॅक्सी धरली.

मुंबईचे डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते. त्यांनी एका कोऱ्या कागदावर हृदय काढलं. हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात, एक फुप्फुसांकडे आणि एक सगळ्या शरीराकडे. बाळाच्या हृदयात त्या दोघींची जागा बदललेली होती. जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत ऑपरेशन करून त्या आपापल्या जागी लावता येतात, असं त्यांनी मराठीत सांगितलं. तुमच्या आईने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ती पुढची तारीख घ्यायला बाहेर गेली.

तेव्हा मी इंग्रजीत विचारलं, "बाकी सगळं ठीक?" खरं सांगायचं तर, आपण इंग्रजीत विचारलं की डॉक्टर मोकळेपणाने बोलतात, असा माझा समज होता. ते बोललेही. पोटातलं बाळ श्वास घेत नाही, शुद्ध रक्त त्याला नाळेतून मिळतं. एरवी त्यातलं सर्वांत चांगलं रक्त आधी मेंदूकडे जातं. या बाळाच्या वाहिन्या बदललेल्या असल्यामुळे ते फुप्फुसांकडे वळतं, जिथे त्याची अजून गरज नसते, आणि मेंदूच्या वाट्याला कमी प्राणवायूचं रक्त येतं. अशा बाळांचा मेंदू जन्माच्या वेळी कधी कधी काही आठवड्यांनी लहान असावा तसा असतो, हे अलीकडे लक्षात येऊ लागलं आहे, असं ते म्हणाले. बरीच मुलं छान मोठी होतात. काही उशिरा बोलतात, काहींचं लक्ष टिकत नाही, काहींना लिहायला त्रास होतो. यातलं कोण कसं होईल, ते आज सांगता येत नाही. लक्ष ठेवायचं आणि गरज दिसली की लवकर मदत सुरू करायची.

"हे त्यांनाही सांगायला हवं," ते म्हणाले.

"मी समजावून सांगते," मी म्हणाले.

कसारा घाटात तुमच्या आईने विचारलं, "आई, मी बाहेर होते तेव्हा ते इंग्रजीत एवढा वेळ काय सांगत होते? दारातून ऐकू येत होतं."

"हृदयाचंच गं. तेच पुन्हा."

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि इगतपुरी येईपर्यंत झोपली. हृदयाच्या दुखण्याला ऑपरेशन होतं, तारीख होती. मेंदूच्या गोष्टीला काहीच नव्हतं, नुसती वाट पाहणं. ते ओझं तिला कशाला, असं मी मनाशी ठरवलं आणि मला ते शहाणपणाचं वाटलं.

घरी येऊन मी दोनशे पानी वही आणली. बालसंगोपनाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं. त्यातून महिन्यामहिन्याला बाळ काय करतं ते उतरवून घेतलं. प्रत्येक पानावर तीन रकाने आखले, इंग्रजी मथळ्यांचे: व्हायला हवं, झालं आणि ब्रेन. मान धरणं, हसणं, पालथं पडणं, पहिला शब्द, दोन शब्दांचं वाक्य. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, बाळ पाच वर्षांचं होईपर्यंतचं सगळं. बाळ अजून पोटात होतं आणि माझं पाठटाचण पूर्ण झालं होतं.

थोरले, तुझा जन्म मुंबईत झाला. तू अतिदक्षता विभागात, परदेशातून आलेले तुमचे बाबा तिथे बाहेरच्या बाकावर. ऑपरेशन दोन दिवसांवर होतं. पाचव्या दिवशी तुमच्या आईला सोडलं आणि आम्ही माझ्या मावसबहिणीच्या घरी उतरलो. सटाण्याहून विहीणबाई, म्हणजे तुमची दुसरी आजी, आल्या होत्या. त्या डाळिंब आणि कांदा करणाऱ्या घरच्या, इंग्रजी अक्षर ओळखायच्या नाहीत, पण पाचवी त्या चुकू देणार नव्हत्या. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवायचं असतं. बाळ जवळ नव्हतं, तर त्यांनी पाटावर तुझं दुपटं ठेवलं.

"मास्तरीणबाई, एक कोरा कागद द्या. सटवाईले लिखाले."

मी पिशवीतून वही काढली. उघडली. मागून उघडली.

"काय व्हयनं? एकबी कोरा नही?"

"सगळ्या पानांवर आखलंय."

विहीणबाई खळखळून हसल्या. "आत्ते ती बिचारी येईसन काय करी? सही?"

तुमची आईही हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा. हसत हसतच तिने वही माझ्या हातातून घेतली आणि पानं चाळू लागली. मग चाळणं थांबलं. तिचं शिक्षण मराठीतून झालेलं, पण तीन मथळे वाचायला कितीसं इंग्रजी लागतं?

"आई, ब्रेनचा रकाना कशाला?"

तिने पान उलटलं, पुढचं उलटलं. प्रत्येकावर तेच.

"त्या दिवशी डॉक्टर हेच सांगत होते ना?"

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने, एक वाक्य न गाळता. चार महिने उशिरा. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"हृदयाचं ऐकून मी मोडले नाही," ती म्हणाली, "मग हे ऐकून मोडले असते? रोज पोटावर हात ठेवून मी तिच्या हृदयाशी बोलायचे. नीट चाल, थकू नकोस म्हणायचे. डोक्याशी एकदाही बोलले नाही. मला माहीतच नव्हतं."

"बोलून काही फरक पडला नसता," मी म्हणाले. खरं होतं, पण त्या वेळी म्हणायला नको होतं.

"तिला नसता पडला. मला पडला असता. आणि तुम्ही एकट्याच हे घेऊन बसलात, तेही मला कळलं असतं."

विहीणबाई इतका वेळ आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होत्या. "माले समजाडा," त्या म्हणाल्या. तुमच्या आईनेच त्यांना समजावलं, त्यांच्या बोलीत. चांगलं रक्त कुठे वळलं, मेंदूला काय उरलं.

"म्हंजे टोकना वाफा," त्या म्हणाल्या. "कांदाना रोपले पाणी भरतस ना, टोकना वाफाले कमी भेटस, उशिरा भेटस. रोप मरस नही. मांगे राहस."

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं. त्या दिवशी मी पहिल्यांदाच कोणाला काही विचारत होते.

"काय करतस? त्याले जास्त येळ पाणी धरतस. आनि पहिला वाफासंगे मोजत नहीत."

तुमच्या आईने डोळे पुसले, पर्स ओढली आणि डॉक्टरांनी काढलेल्या हृदयाचा कागद बाहेर काढला. तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"यावर लिहू दे तिला," ती म्हणाली. "पुढच्या बाजूला काय आहे तेही तिला दिसेल."

भांडण म्हणशील तर एवढंच. चूक माझी होती, आणि ती मी त्याच दिवशी कबूल केली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. वही तुमच्या आईने माझ्याकडून मागून घेतली आणि ‘व्हायला हवं’ हा रकाना पट्टी धरून प्रत्येक पानावर काट मारून रद्द केला. दोनशे पानं, एका दुपारी. आखीवपणात ती मला हार जाणारी नव्हती. पुढे कोणताही रिपोर्ट आला की तो आम्ही दोघी शेजारी बसून वाचायचो, आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ मी पूर्ण सांगायचे.

तू उशिरा बसलीस, उशिरा चाललीस. दुसरा वाढदिवस झाला तरी शब्द नव्हता. म्हणून आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं, आणि त्यांनी दिलेला सराव मी रोज अकरा वाजता घ्यायचे, सुट्टी न देता. पाणी जास्त वेळ धरणं म्हणजे हेच, असं मी समजले. एका सकाळी मी वहीत लिहीत होते, तर तू माझ्या हातातलं पेन ओढलंस आणि स्पष्ट म्हणालीस, "दे." वहीतली त्या दिवसाची नोंद वेडीवाकडी आहे, कारण पेन तुझ्याकडे होतं आणि मला हळदीकुंकवाच्या यादीची पेन्सिल शोधावी लागली.

आजही तुझं अक्षर सावकाश आहे आणि एका वेळी दोन गोष्टी सांगितल्या की एक राहून जाते. हे तुला माहीत आहे, कारण आम्ही तुझ्यापासून काही लपवलं नाही. बाकी तुझं कसं चाललं आहे ते तू दर रविवारी मला सांगतेसच, धाकट्याला मध्ये बोलू न देता.

तो कागद माझ्या कपाटात आहे. घडीवर विरायला लागला होता, म्हणून मागच्या आठवड्यात दुकानात नेऊन त्याची प्रत काढून घेतली. मूळ कागद तुझी आई येईल तेव्हा तिच्याबरोबर पाठवते. दुकानदार म्हणाला, "आजी, लॅमिनेट करून देऊ का? टिकेल." मी नको म्हटलं. लॅमिनेट केलं की मागच्या बाजूला लिहिता येत नाही.