कोरियाच्या राजाचा प्रसाद

हसा, माझी ना नाही. पण कप आधी खाली ठेवा! स्वतःच्या हातानं स्वतःची अब्रू कशी घालवावी, ते माझ्याकडून शिका.

सत्तर-पंच्याहत्तरच्या मधली गोष्ट. मी मिरजेकडच्या एका सूतगिरणीत फिटर. नवी यंत्रं कोरियाची, म्हणून ती शिकायला मला दीड महिना सोलला धाडलं. आमच्या उंब्रजचे हेडमास्तर निघताना म्हणाले, "तिथले जुने किल्ले, राजांच्या समाध्या बघून या. फोटो काढा. आलात की शाळेत तुमचं भाषण!"

मी म्हटलं, "म्हणजे काय, सर!" आणि गावभर सांगून मोकळा झालो.

दीड महिना गेला यंत्राच्या तेलात. हाताशी राहिला एकच रविवार. शहराबाहेर राजांच्या समाध्या आहेत एवढं ऐकलं होतं. बसमधून उतरलो. पाट्या सगळ्या कोरियन! विचारणार कुणाला?

समोर टेकडीवर हिरवळीचा एक गोल उंचवटा. पुढं दगडी पाट, पाटावर फळं, भाताचे वडे आणि एक फोटो. दहाबारा माणसं वाकून नमस्कार करतायत. म्हटलं, सापडला राजा!

बूट काढले आणि घातला साष्टांग दंडवत. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मला वाटलं, माझी भक्ती बघून भारावली.

आता सांगा, एवढं पाया पडून प्रसाद न घेता परतायचं? आपल्यात असं चालतं का? त्यांचे नमस्कार चालू होते तोवर मी एक वडा उचलला, कपाळाला लावला आणि टाकला तोंडात.

एक म्हातारी हमसाहमशी रडायला लागली. काय ही राजनिष्ठा! मग तिनंच मला हाताला धरून बसवलं, पोटभर वाढलं. मी कॅमेऱ्यातला सगळा रोल तिथंच संपवला.

शाळेत भाषणाला ही गर्दी! बायको पहिल्या रांगेत. फोटो फळ्यावर लावलेले. मी रंगात आलो तोच हेडमास्तर पाटावरच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "राजाला चष्मा कसा हो?"

"शेवटचा राजा, सर. सुधारलेला."

तेवढ्यात मागनं सुभेदार तात्या उठले. पेन्शनर माणूस. कोरियातली लढाई थांबल्यावर पलटणीबरोबर तिकडं राहून आलेले. हे माझ्या ध्यानातच नव्हतं!

"आरं, कसला राजा? तितं डोंगराडोंगरावर असली थडगी हायती. ह्यो कुनाचा तरी आजा हाय. घरची मानसं त्येला निवद दावत्यात."

मी रेटून म्हटलं, "आवं तात्या, मी सोता पाया पडलोय!"

"पडला आसशील. खाल्लंस का काय?"

"थोडं."

"त्यांच्या आदी?"

मी फळ्याकडं वळून उगाच फोटो सरळ करायला लागलो.

"लोकाच्या आज्याचं श्राद्ध, आन् पयला घास ह्येचा!" तात्या मिशीत हसले. "बरं झालं गड्या. म्हातारी वाट बघत आसंल, कावळा का शिवंना म्हनून. उंब्रजवरनं आला न्हवं!"

शाळा हसून फुटायची बाकी राहिली. बायको तोंडात पदर कोंबून हलत होती. जमीन दुभंगावी असं वाटलं मला, खरंच.

तवापासनं गावात कुणाचा दहावा असला आणि पिंडाला कावळा शिवेना, की माणूस सरळ माझ्या दारात येतो.