डाव्या हाताची गिटार

कॉलेज रोडवरच्या दुकानात मी गिटार उलटी धरून वाजवून बघत होते. दुकानदार हसला. म्हणाला, "मॅडम, डावखुऱ्यांची आम्ही ठेवत नाही. उजव्या हाताने शिका ना, सवय होते."

सवय होते हे मला कुणी सांगायला नको होतं. शाळेत बाईंनी पट्टी मारून उजव्या हाताने लिहायला लावलं, आईने डोळे वटारून उजव्या हाताने जेवायला. दोन्ही झालं अंगवळणी. पण कॉलेजात मैत्रिणीची गिटार हातात आली ती आपसूक उलटी धरली गेली, आणि चाळिशी उलटली तरी मी तशीच वाजवत होते. जाड तारा खाली, बारीक वर, आवाजाची बटणं कोपराला लागणारी. दुकानातून बाहेर पडून गाडीला किक मारली तेव्हाच मनाशी ठरवलं, आता आपली गिटार आपणच करायची.

नोकरी सातपूरला, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. आलेला प्रत्येक तुकडा मोजून पास किंवा नापास करायचा, हे माझं काम. मापाची भीती नव्हती. आणि इलेक्ट्रिक गिटार काही पोकळ नसते. भरीव लाकडाचं अंग, त्याला जोडलेली लांब मान, आणि तारांचा कंप पकडायला खाली चुंबकं. लाकूडकाम तेवढं येत नव्हतं. ते येत होतं माझ्या सासऱ्यांना.

नाना मूळचे दिंडोरीकडचे. द्राक्षं पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जायला लागायच्या आधी त्यांनी हयातभर लाकडी पेट्या केल्या. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची हत्यारं अजून जागच्या जागी होती, आणि भिंतीशी उभी होती शिवणीच्या लाकडाची एक जाड फळी. वजनाला हलकी, वर्षानुवर्षं वाळलेली. मला तीच हवी होती.

"ती देव्हाऱ्यासाठी ठेवलीय," नाना म्हणाले. "तुझ्या टुणटुण्यासाठी नाय."

"तुम्हाला पटेल इतका सरळ रंधा मारून दाखवला, तर द्याल?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दाखव तर आधी."

मग दर रविवारी मी जुन्या पेट्यांच्या फळ्यांवर रंधा मारत बसले. नाना खुर्चीवर बसून बघायचे. "लय दाबू नको. लाकडाशी भांडतेस का?" तळहाताला फोड आले, फुटले, कातडी निबर झाली. नवरा म्हणाला, "अगं, बाहेरून मागव ना." मी पुढची फळी ओढली. शेवटी एका रविवारी नानांनी माझ्या फळीवर सुतारी गुण्याची सरळ कड आडवी ठेवली, डोळा बारीक करून खालून उजेड येतोय का ते बघितलं, आणि शिवणीची फळी उचलून माझ्यासमोर टेकवली.

अंग छान उतरलं. मान मात्र फसली. बाजारातून आणलेलं सागवान वाळलेलं असेल असं मी धरून चालले होते. उन्हाळा तापला आणि मानेला पीळ भरला. मी मोजलं, पुन्हा मोजलं. कारखान्यात असा तुकडा मी क्षणात नापास केला असता. इथे अख्खी दुपार हातात घेऊन बसले. मग ती बाजूला ठेवली आणि जुन्या दाराच्या चौकटीतल्या मुरलेल्या सागवानातून दुसरी काढायला घेतली. मानेवर सुरांच्या धातूच्या पट्ट्या बसवायच्या खाचा या वेळी प्रत्येक एकाच टोकापासून मोजून कापल्या, म्हणजे एकीची चूक दुसरीत जायला नको.

खरा घाव पुढे बसला. तारा ज्यावर टेकतात तो धातूचा पूल किंचित तिरका बसवतात, जाड तारेची बाजू थोडी मागे. मी इंटरनेटवरच्या नकाशावरून भोकं पाडली, पूल बसवला आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. नकाशा उजव्या हाताच्या गिटारीचा होता. तिरकेपणा नेमका उलटा. जिच्यासाठी एवढा खटाटोप, तीच गोष्ट मी विसरले होते.

जमिनीवर बसकण मारली. रडू आलं, ते आवरलंही नाही. नाना काठी टेकत आले, भोकांवरून बोट फिरवलं.

"गुट्टी मारू," ते म्हणाले.

"दिसेल ना, नाना."

"दिसू दे की. वाजायला आडवं येतंय का ते बोल."

त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून मी भोकांत घट्ट बसतील अशा दोन गुट्ट्या घासल्या. नानांनी सरस लावून दिला, ठोकल्या मी. वाळल्यावर कानशीने सपाट केल्या आणि शेजारी नवी भोकं पाडली. ड्रिल सुरू करण्याआधी गिटार डाव्या हाताला धरून आरशात पाहिली; तिथे ती नकाशासारखी दिसायला हवी होती. मग पुन्हा एकदा पाहिली.

पावसाळ्यात वायरी जोडून झाल्या. तारा चढवल्या, स्पीकरची पिन लावली. आधी नुसती घरघर. एक जोड सुटला होता, त्याला परत डाग दिला. मग जाड तार छेडली, आणि बरोबर निम्म्या लांबीवर दाबून तीच तार पुन्हा छेडली. वरच्या सप्तकातला तोच सूर, कुठे तसूभर हललेला नाही; म्हणजे पूल बरोबर बसला होता. बटणं कोपराला लागत नव्हती. हात जिथे जायचा तिथे सगळं होतं. मी वाजवत राहिले, बोटं चुकत होती तरी. इतकी वर्षं उलट्या तारांवर शिकलेलं सगळं आता नव्याने शिकायचं होतं, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

"आवाज कमी कर गं!" नाना बाहेरून ओरडले. थोड्या वेळाने शेडच्या दारात आले, खुर्ची आत ओढून बसले. "हं. आता एखादं नीट गाणं वाजव."

"अजून येत नाही, नाना."

"मग बसतो की. मला कुठं जायचंय."