घड्याळवाल्या काकांचा प्रवेशअर्ज

शनिवार म्हणजे काय ते अख्ख्या अंबाजोगाईत फक्त आमच्या गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांना कळलं होतं. बाकी गाव शुक्रवारातून सरळ रविवारात जायचं. काका बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. गावात त्यांचं एकच घर. शनिवार हा त्यांचा कामाला हात न लावायचा पवित्र वार, शब्बाथ. शुक्रवारी दिवस कलला की दुकानाचं शटर खाली यायचं, ते शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसल्यावरच वर जायचं. गिऱ्हाईक पायरीवर ताटकळलं तरी काका मान वर करून म्हणायचे, "थांब की जरा. दोन आल्यात, तिसरी यायलीय." आणि त्या माणसालाही, का कोण जाणे, घाई उरायची नाही. तोही वर बघत बसायचा.

अशा माणसाच्या हाती त्यांच्या लेकीनं अर्ज भरायला दिला. ती इथल्या दवाखान्यात नर्स. तिला मुंबईत नोकरी लागली होती आणि सहा वर्षांच्या पोरीला, एस्तूला, तिथल्या ज्यू शाळेत घालायचं होतं. चार पानांचा अर्ज काका तीन आठवडे भरत होते. लहानपणी त्यांना स्वतःलाच त्या शाळेत घालायचं घाटत होतं, ते राहून गेलं. पण न पाहिलेली ती शाळा त्यांना पाठ होती. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून ते सांगत बसायचे : जिना असा वळतो, वर्गात समुद्राचा वारा येतो, सकाळी सगळी पोरं एका सुरात हिब्रू प्रार्थना म्हणतात. ऐकता ऐकता तो वारा मलाही लागायचा. 'जवळचे प्रार्थनास्थळ' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आमच्या घराची पश्चिमेची खिडकी.' जेरुसलेमच्या दिशेला तोंड करून ते तिथंच प्रार्थना म्हणायचे.

समाजातल्या दोघांची शिफारस हवी होती. काका माझ्याकडे आले.

"काका, मी कुठं तुमच्या समाजातला?"

"कावून? दर साली आमच्या घरचा मलिदा खातोस का न्हाई?"

गूळ-खोबरं घातलेले ते नवसाचे पोहे मी कळायला लागल्यापासून खात आलो होतो. मी सही केली. दुसरी शेजारच्या किराणावाल्या चाचांनी केली, उर्दूत.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर, दुकानातच झाली. टिकटिक नको म्हणून काकांनी भिंतीवरची सगळी घड्याळं बंद केली. एस्तूनं रीतीप्रमाणे डोळ्यांवर हात ठेवून हिब्रू प्रार्थना म्हटली, अगदी आमच्या मराठवाडी हेलात. शाळेच्या बाई खूश झाल्या.

"तुला आमच्या शाळेत का यायचंय?"

"मला न्हाई यायचं. आजोबाला यायचंय."

बाई हसल्या. काका हसले नाहीत. फोन ठेवल्यावर ते एकेक घड्याळ पुन्हा चालू करत गेले. मग हलकेच म्हणाले, "नको जायचं, एस्तू? मी सांगतो आईला."

तिनं विचार केला. "तिथं समदी पोरं माझ्यावानी प्रार्थना म्हणत्यात?"

"समदी."

"मग जाते."

प्रवेश मिळाला. मी म्हटलं, "काका, तुम्हीही जा की." म्हणाले, "लेकीला एकच खोली मिळालीय. अन् एवढं थोराड पोरगं घेत न्हाईत रे शाळेत."

जूनमध्ये मायलेकी गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी मी सहज डोकावलो. काका टेबलापाशी उभे, हातात मनुकांच्या सरबताचा पेला. शब्बाथचा आशीर्वाद म्हणून झाला आणि ते थांबले. थांबूनच राहिले. मला आधी उमगेना. मग आठवलं, शेवटचा शब्द ऐकणाऱ्यानं म्हणायचा असतो; तो एस्तू म्हणायची.

"आमेन," मी म्हणालो.

काकांनी पेला ओठाला लावला.