त्यातल्या त्यात स्वस्त बोनस

माझे धाकटे दीर कॅनडात एडमंटनला आमच्या बेसमेंटमध्ये राहायचे तेव्हाची गोष्ट. फोनवर इंटरनेट अजून यायचं होतं. बायको-मुलगी नागपुरात, दोघींचा व्हिसा झालेला, तिकिटांचे पैसे बाजूला काढलेले. एवढं सगळं मार्गी लागलं असताना या माणसाला ऑनलाइन कॅसिनोची दुर्बुद्धी सुचली.

भाव ताडून पाहिल्याशिवाय दीर फ्लॉवरचा गड्डाही घेत नसत. काउंटरवर दुसऱ्या दुकानाचा स्वस्त भावाच्या जाहिरातीचा फ्लायर पुढे करून वीस सेंट कमी करवायचे आणि मागे रांग ताटकळायची. मला मेलीला लाज वाटायची. तर एका रविवारी मी पोळ्या लाटत असताना लॅपटॉप थेट ओट्यावर ठेवून म्हणाले, "वहिनी, तुम्ही अकाउंट्समधल्या. या दोन कॅसिनोंपैकी कुणाचा बोनस परवडतो?"

पिठाच्या हातांनीच मी अटी वाचल्या. एकाकडे हजार भरले की हजार बोनस, पण दोन्हींच्या बेरजेच्या तीसपट पैजा लावल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. म्हणजे साठ हजारांच्या पैजा. दुसऱ्याकडे हजारावर पाचशेच, पण तीसपट फक्त बोनसच्या, म्हणजे पंधरा हजार. शंभराच्या पैजेमागे सरासरी चार डॉलर कॅसिनो खातो, हे भावजींनीच सांगितलं.

"मग पहिला हजार द्यायला चोवीसशे घेतो आणि दुसरा पाचशे द्यायला सहाशे. दोघेही चोर आहेत, भावजी."

"पण त्यातल्या त्यात दुसरा स्वस्त," ते म्हणाले, आणि खूश होऊन खाली गेले.

त्या आठवड्यात तिकिटांचे सगळे पैसे तिथे गेले. सुरुवातीला जिंकलेही, हसत हसत वर येऊन सांगितलं. मी म्हटलं, काढा आत्ताच्या आत्ता. पण पैजा पुऱ्या झाल्याशिवाय जिंकलेले मिळणार नव्हते. बोनसवर पाणी सोडलं तर भरलेले तेवढे परत मिळत होते.

"मग सोडा तो मेला बोनस!"

"फुकटचं मिळालेलं सोडू?" माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच त्यांना लुटत होते. चार दिवसांत सगळं साफ झालं. अडाणी माणूस असता तर मला कीव आली असती. हा इंजिनियर होता, हिशेब त्याला माझ्याइतकाच कळला होता, आणि त्याचीच मला आजही शिसारी येते.

मग जावेचा फोन आला. "ताई, हे म्हणतात सप्टेंबरनंतर तिकिटं स्वस्त होतात, तोवर थांबू. खरं का हो?"

दीर समोरच जेवत होते. माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवत होते. त्यांच्या ताटात मीच वाढलेला भात होता, आणि तो ते कालवत होते. मी सांगून टाकलं, की पैसे जुगारात गेले.

ती हळूच म्हणाली, "पण मी तर कालच पोरीचं नाव शाळेतून काढलं."