परब सर आणि फिटरच्या वीस जागा

परब सर माणसाचं तोंड नंतर बघत, आधी हात बघत. आयटीआयच्या प्रवेशाच्या दिवशी मी बाबांबरोबर त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि गुणपत्रिका पुढे केली. ती उडू नये म्हणून त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला आणि टेबलावरची एक लांब कानस माझ्या हातात दिली. "धर बघया," म्हणाले. मूठ कशी वळते, अंगठा कुठे बसतो, ते नीट निरखून पाहिलं. बाबांना वाटलं, हा कुणी ज्योतिषी आहे. ते म्हणाले, "सर, तिचें भविश्य मागीर पळयात. पयलीं प्रवेशाचें सांगात."

"तेच बघतंय," सर म्हणाले. "हात घट असा. दूध काढतंस काय गो?"

काढत होते, दोन म्हशींचं. "मगे फिटर जातली," असं म्हणून त्यांनी कप उचलला, तेव्हा माझ्या गणिताच्या गुणांवर चहाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. गणितात मला जेमतेम छत्तीस गुण होते, त्यामुळे मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मी सुर्ल्याची. आमच्या गावात घरटी एक माणूस खाणीवर किंवा ट्रकवर असायचा. खाण बंद पडली आणि बाबांचा ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. पुढे त्याच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. कॉलेजात पाठवण्याची ऐपत उरली नव्हती. आयटीआयला फी नावापुरती होती, हत्यारं सरकारची, बसचा पास सरकारचा. बाबा म्हणाले, फुकट आहे तर शिकू दे, दोन वर्षांनी लग्न आहेच. हे मी एकदा वर्गात हसत हसत सांगितलं, आणि सरांचा पारा चढला.

"फुकट? फुकट काय नाय हय," ते गरजले. "पार्स्याची म्हातारी काड्यापेटी घेता ना, तेतला टिकलीएवढा सरकाराक जाता आणि थयसून ता हय येता. तिका जाऊन सांग, तुझा फुकट गेला म्हणून!" मग खालच्या आवाजात, "आणि लोखंड जपान वापर. तेका म्हातारी वळखता."

पार्से हे त्यांचं गाव. तिथे त्यांची थोडी काजूची बाग होती, आणि तिथून रोज दोन बसगाड्या बदलून ते आमच्या आयटीआयला येत. अंगाने काटक, रंगाने लेथ यंत्राखालच्या तेलासारखे, आणि आवाज असा की चालू यंत्रापलीकडूनही ऐकू यावा. डब्यात उकड्या तांदळाची पेज आणि सुकं खारं, म्हणजे खारवलेली मासळी. आम्ही कॅन्टीनमध्ये पातळभाजीत पाव बुडवून खात असू, त्याला ते 'सायबाचा जेवण' म्हणत.

शिकवणं म्हणजे पहिले तीन महिने फक्त कानस. लोखंडाचा एक ठोकळा द्यायचे आणि सांगायचे, सहाही बाजू सपाट आणि काटकोनात कर. मी घासायची, दाखवायला न्यायची. ते ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की ठोकळा परत. असं नऊ वेळा झालं. सातव्या वेळेला मी रडले, तर म्हणाले, "रड, पण बाजूक होऊन रड. लोखंड गंजता." दहाव्या वेळी त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वायट नाय." यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. तो ठोकळा आमच्या घरी लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर अजून आहे, आणि आई तो कुणाला उचलू देत नाही.

सरांचा एक मोठा दोष होता: कागद. हजेरी, अहवाल, संगणकावर भरायची माहिती, सगळं त्यांना नकोसं व्हायचं. "मी काम शिकवूक इलंय, काम लिवूक नाय," असं म्हणून ते रजिस्टर ड्रॉवरमध्ये सारत. त्यामुळे सरकारी खात्याच्या दृष्टीने आमचा फिटर विभाग जवळजवळ नव्हताच. त्यात वीस जागांवर आम्ही नऊ जण. पेडण्यात विमानतळ झाल्यापासून सगळ्यांना हॉटेलातलं आणि विमानतळावरचं शिकायचं होतं. शेवटी व्हायचं तेच झालं. पत्र आलं की समिती पाहणीला येईल आणि फिटरचं अनुदान चालू ठेवायचं की विभाग बंद करायचा ते ठरवील. बंद झाला, तर आम्हाला मडगावकडच्या संस्थेत जागा देणार होते. बाकीचे आठ मुलगे कसेही गेले असते. मी जाणार नव्हते. सुर्ल्याहून मडगाव रोज शक्य नव्हतं आणि वसतिगृहात बाबा ठेवणार नव्हते. विभाग बंद म्हणजे माझं शिक्षण बंद, हे मला पत्र वाचतानाच कळलं.

पाहणीच्या आधीचे दोन दिवस सर प्रशिक्षणासाठी पणजीला होते. मागे आम्ही पोरांनी ठरवलं, समितीवर छाप पाडायची. छाप पाडायची म्हणजे काय, तर आम्हाला एकच रीत ठाऊक होती: दसऱ्याची. लोखंडाचा कीस झाडून पार कुंपणापलीकडे टाकला. लेथ रॉकेलने धुतला, खोबरेल लावून पुसला. लोखंड घट्ट धरणाऱ्या सगळ्या व्हाइसना चंदेरी रंग दिला. यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पुढे विड्याची पानं आणि नारळ. पूजा मी केली, कारण नऊ जणांत ती मलाच नीट येते असं सगळ्यांचं मत पडलं. आणि पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे काय कुणी सांगायला हवं?

सकाळी सर आले. दारातच थबकले. "ह्या वर्कशॉप की देवूळ?" एवढंच म्हणाले. मग घड्याळ बघून ओरडले, "लेथ चालू करा! कानशी घेया!" एक जण धीर करून म्हणाला, "सर, पूजा झालीय." सर स्वतः व्हाइसकडे धावले, आणि त्यांच्या दोन्ही तळव्यांना ओला चंदेरी रंग लागला. तेवढ्यात समितीची गाडी फाटकात शिरली.

तिघे होते, त्यांत एक बाई प्रमुख. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. नारळ पाहिला, माळा पाहिल्या, कडक इस्त्रीचे आम्ही पाहिले. सर पाठीमागे हात लपवून उभे होते. बाईंनी जाताना नमस्कार केला आणि शेरा लिहिला, की यंत्रसामग्री वापरात असल्याचं दिसत नाही. आमच्या प्राचार्यांनी तो दुपारी वाचून दाखवला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पूजा माझ्या हातची होती.

आता सर फाडून खाणार, म्हणून आम्ही रांगेत उभे राहिलो. ते नळावर तळवे घासत होते, रंग निघत नव्हता. पाठमोरेच म्हणाले, "चूक माझी. तुमका काम करूक शिकयलंय, पण दाखवचा कसा ता शिकवूक नाय. माका तरी खय येता?" मग वळले. "नारळ फोडा आणि खावा. देवाचो राग नाय आमच्यार, फक्त सायबिणीचो असा."

त्या रात्री त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, स्वतःहून एक पत्र लिहिलं, समितीच्या बाईंना. आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला कामाला जुंपलं. त्यांच्या गावच्या एका बागायतदाराचं काजूची बोंडं पिळायचं यंत्र बंद पडलं होतं. त्याचा मधला स्क्रू झिजला होता. तो मी लेथवर नवा कापला. पहिल्यांदा आटे चुकले, तो वाया गेला, तेव्हा सर फक्त "म्हातारी" एवढंच म्हणाले. दुसरा बसला. आठवड्याने सर म्हणाले, "उद्या माझ्यावांगडा पणजेक चल. कागद मी दितंय, पण बोलाचा तुया. शिक्षण तुझा जातला, माझा नाय."

खात्याच्या कचेरीत आम्ही दोन तास बाकावर बसलो. बाईंनी आत बोलावलं, पत्र वाचलं आणि चष्म्यावरून विचारलं, "ती पूजा कोणी घातली होती?"

"मी," मी म्हणाले. "यंत्रं वापरात नव्हती म्हणून नाही घातली, मॅडम. वर्षभर त्यांच्यावरच असतो म्हणून घातली."

"वर्षभर काय करता?"

तेव्हा मी जी सुटले ती सुटलेच. ठोकळ्याचं सांगितलं, नऊ वेळा परत आल्याचं सांगितलं, काजूच्या यंत्राचा स्क्रू, आट्यांचं माप, पहिला का फुकट गेला आणि दुसरा कसा बसला, सगळं. मडगावला मी जाऊ शकणार नाही हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "मी पुन्हा येईन. कधी ते सांगणार नाही."

"तेच पत्रात लिवलंय, न सांगता येवा म्हणून," सर म्हणाले.

बाई एका शनिवारी आल्या. लेथ चालू होता, जमिनीवर कीस होता, आणि वेल्डिंग करणाऱ्या सरांनी मान वर न करता त्यांना सांगितलं, "बाजूक ऱ्हवा, लुगडा जळतला." बाई बाजूला राहिल्या. तासभर राहिल्या. महिन्याने पत्र आलं: अनुदान तीन वर्षं चालू, मात्र तोवर वीसच्या वीस जागा भरल्या पाहिजेत. माझं शिक्षण वाचलं होतं. मी ऑफिसच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले, आणि या वेळी सरांनी मला बाजूला व्हायला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी बारा जागा भरल्या, त्याच्या पुढच्या वर्षी सोळा. मधल्या काळात सर निवृत्त झाले, पण त्यांचं फिरणं थांबलं नाही. जत्रेत, लग्नात, बारशाला, कुठेही एखादं पोर दिसलं की हात बघायचे. मला प्रमाणपत्र मिळालं आणि एका कारखान्यात देखभालीच्या विभागात नोकरीही. पेढे घेऊन मी पार्स्याला गेले. सर आजारी होते, काजूच्या सावलीत खाटेवर पडून होते. प्रमाणपत्र त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचलं. म्हणाले, "वायट नाय. आता आयतवारी सुर्ल्यात घरोघर फिर. चेडवांच्या आवशीक सांग. माझा काळा तोंड बघून चेडवा पळतत."

"माझं कोण ऐकणार, सर?"

"मी सांगतंय ती जाहिरात गो. तू सांगतलंस ती खबर."

मी मुलींच्या आयांकडे फिरले. काही दारांत पाणी मिळालं, काहींत उपदेश. एका बाईने विचारलं, मुलगी फिटर झाली तर तिला नवरा कसा मिळणार? मी म्हटलं, मावशी, मला दोन स्थळं आलीत, मीच थांबवलीत. हे अर्धं खरं होतं. एकच आलं होतं.

काजूचा मोसम संपता संपता सर गेले. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी आयटीआयच्या फलकावर नव्या बॅचची यादी लागली. मी कारखान्यातून अर्धा दिवस रजा काढून गेले आणि बोट ठेवून एकेक नाव मोजलं. वीस. त्यांत सहा मुली, तीन आमच्या सुर्ल्याच्या. हे सांगायला जायचं कुणाकडे, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "ताई, फिटरला जागा आहे का अजून?" एक सडपातळ मुलगी होती, बरोबर तिची आई. यादी भरली होती. मी डोळे पुसले, तिला म्हटलं, "हात दाखव," आणि तिला घेऊन प्राचार्यांकडे गेले, एकविसावी जागा मागायला.