काही घातलेलं नाही

गेल्या बुधवारी कॉलेजच्या लॅबमध्ये मी चक्क हसता हसता रडले. तेही एका तुरटीच्या खड्यापायी... खेडच्या सायबर कॅफेत बसून टाइप करतेय, मराठी टायपिंग अजून हाताला बसलेलं नाही, तेव्हा चुका पदरात घ्या. लाइट जायच्या आत सगळं सांगून टाकते.

तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, दोन पोरं सांभाळून चौतिसाव्या वर्षी मी एम.एस्सी. करतेय. म्हणजे पोरं सासूबाई सांभाळतात आणि मी नुसती करतेय! "दोनच वर्षं" असं सांगून त्यांना तयार केलं होतं, आणि हे दुसरं संपत आलंय.

माझा प्रोजेक्ट कोळंबीच्या तळ्यातल्या पाण्यावर आहे. कोळंबी आजारी पडली की काही जण पाण्यात अँटिबायोटिक घालतात, आणि नंतर ते पाणी दाभोळच्या खाडीत सोडून मोकळे होतात. आपण डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी घेत नाही, आणि इथे अख्ख्या खाडीला डोस... मग त्या औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, ते निराळंच.

माझं म्हणणं इतकंच की आपल्या जांभा दगडाची पूड हे औषध धरून ठेवते. जांभ्यात लोह भरपूर, औषध त्याला चिकटून बसतं. चिरे कापताना लाल भुकटी पडते ना, तीच ती. पिशवी भरून न्यायला गेले तेव्हा खाणीवरचे लोक माझ्याकडे बघतच राहिले.

तपासायची रीत सोपी आहे. काचेच्या थाळीत जंतू वाढवायचे, त्यावर त्या पाण्यात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. पाण्यात औषध असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, मोकळं कडं दिसतं.

मी दोन कॅन भरले. एकात जांभ्याची पूड घातली, दुसऱ्यात तुलनेसाठी तळ्यातलं नुसतं पाणी. त्यावर ठसठशीत चिठ्ठी लावली, 'काही घातलेलं नाही'.

दोन दिवसांनी पूडवाल्या पाण्याची थाळी बघितली. कडं नाही! मी जागच्या जागी उडी मारली. मग दुसरी थाळी उचलली... तिथेही कडं नाही.

आणलं त्या दिवशी याच पाण्याने चांगलं रुपयाएवढं कडं दिलं होतं. पुन्हा तळ्यावर जाऊन पाणी आणलं, पुन्हा तोच प्रकार. माझे गाईड सर ओरडले असते तर परवडलं असतं, पण ते शांतपणे म्हणाले, "औषध आपलं आपणच जात असेल, तर तुमच्या जांभ्याने केलं काय?"

अजून एकदा करून बघा, नाहीतर विषय बदला, असं ठरलं. विषय बदलायचा म्हणजे वर्ष गेलं. सासूबाईंना आणखी एक वर्ष मागायला माझी जीभ रेटणार नव्हती, त्यामुळे शिक्षणालाच रामराम.

बुधवारी तिसऱ्यांदा कॅन भरले, चिठ्ठी लावली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले. आमचे लॅब अटेंडंट हमीदभाई पिण्याच्या पिंपात तुरटी फिरवत होते. नळाला गढूळ पाणी येतं, म्हणून रोजचंच ते. पिंपाला झाकण लावून तो ओला खडा हातात घेऊन ते सरळ माझ्या कॅनकडे गेले आणि त्याचं झाकण उघडायला लागले.

"हमीदभाई, काय करताय?" मी स्टुलावरूनच ओरडले.

ते अगदी मायेने म्हणाले, "ताई, तुम्ही दर वेळी लिहून ठेवता, काही घातलेलं नाही म्हणून. मला वाटलं, घाईत तुमचं राहतं. म्हणून मीच दोन फेऱ्या मारतो."

तळपायाची आग मस्तकात गेली खरी, पण ती तिथे टिकली नाही. चिठ्ठी मीच लिहिली होती ना! गढूळ पाणी दिसलं की तुरटी फिरवायची, हे आमच्या घरात पोरांनाही कळतं. तुरटीने गाळ खाली बसला होता आणि गाळाबरोबर औषधही. मी हसायला लागले, आणि मग डोळ्यांतून पाणी थांबेचना.

हमीदभाई बिचारे घाबरले. त्यांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी खडा बाजूला ठेवला आणि बहिणीचं सांगितलं. ती दाभोळला असते, त्याच खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचते. तिच्याकडून आलेल्या तिसऱ्या त्यांच्या घरी पोरंबाळं खातात.

शुक्रवारी थाळ्या बघायला ते माझ्याआधी येऊन उभे. नुसत्या पाण्याभोवती छान गोल कडं, जांभ्याच्या पाण्याभोवती काही नाही. इतका मोकळा श्वास मी कित्येक दिवसांत घेतला नव्हता. सरांनी तुरटीचाही एक कॅन रीतसर वजन करून लावायला सांगितलाय, विषय तोच राहिला.

आम्ही खुशीत असताना हमीदभाईंनी हळूच विचारलं, "ताई, हा लाल गाळ आता टाकणार कुठे? औषध तर त्यातच बसलंय ना?"

अख्ख्या रिपोर्टात त्याबद्दल एक ओळ नव्हती. आता त्यावर वेगळं प्रकरण लिहितेय, आणि आभारात पहिलं नाव कुणाचं ते सांगायला नको.

आज सकाळी लॅबमध्ये गेले तर गाळाच्या बादलीवर घट्ट झाकण होतं आणि वर हमीदभाईंच्या अक्षरात चिठ्ठी, 'हे खाडीत टाकू नये. खाली माणसं आहेत.'

चिठ्ठी कशी लिहावी ते मला या वयात कळलं...