नऊ केळ्यांच्या वजनाचा डबा

माझा पहिला कॉम्प्युटर मी स्वतःच्या हाताने जोडला, हे मी आजवर निदान चारशे लोकांना सांगितलं आहे. त्यातल्या साडेतीनशे लोकांना हेही सांगितलं की तो चालू केला की मनवेलपाड्यातले निम्मे दिवे मंद व्हायचे. हे खोटं आहे. मनवेलपाड्यातले दिवे आधीपासूनच मंद होते. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. विरार पूर्वेला व्होल्टेज असं यायचं की ट्यूबलाइटचं बटण आज दाबावं आणि उजेड उद्या पाहावा. पंख्याच्या पात्यावर चिमण्या बसून फेऱ्या मारायच्या. पण त्या कॉम्प्युटरची एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. त्याच्या सुट्या भागांची यादी आठ ओळींची होती, आणि सातव्या ओळीत पैसे वाचवताना मी आईचा जीव पणाला लावला होता.

आईला भिशी लागली आणि तिने ती सगळी माझ्या हातावर ठेवली. "अभ्यासाला घे," म्हणाली. चंदनसारच्या सायबर कॅफेत एक बंदुकीचा गेम होता. त्यात तळ्याच्या पाण्यात शत्रूचं प्रतिबिंब दिसायचं. मला ते प्रतिबिंब घरी हवं होतं. माझा अभ्यास तेवढाच.

पंधरा दिवस मी लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून कोटेशनं गोळा केली. प्रोसेसर, मदरबोर्ड, हार्ड डिस्क, सगळं बसायचं, आणि ग्राफिक्स कार्डाच्या ओळीवर आलं की यादी फुटायची. ते कार्ड नसेल तर तळ्यात नुसता निळा रंग. मग मी रॅम अर्धी केली. मॉनिटर सेकंडहँड केला. तरी भागेना. उरली सातवी ओळ, पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या पोटात वाटून देणारा पत्र्याचा डबा. त्याने गेम सुंदर दिसत नाही, आणि मित्रही जळत नाहीत. दुकानदार म्हणाला, "अरे भाई, वो तो कॅबिनेट के साथ फ्री आता है." मी त्याच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

सगळा माल घेऊन मी आधी निर्मळला गेलो. तिथे माझ्या कॉलेजातला मित्र राहायचा. त्यांची केळीची आणि फुलांची वाडी होती, आणि कॉम्प्युटर जोडण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. (हेही मी कुणाला सांगत नाही.) त्याने पॉवर सप्लाय उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"रिकामा आहे काय रे?"

"साडेचारशे वॉट लिहिलंय त्याच्यावर."

"लिहायला काय, मी तुझ्या कपाळावर कलेक्टर लिहीन."

त्याने आपल्या कॉम्प्युटरचा डबा काढून ओटीवरच्या तराजूत टाकला. समोरच्या पारड्यात वेलची केळी. दोन डझनांना काटा जुळला. मग माझा डबा. नऊ केळी. त्याचे वडील दारात उभे होते. ते म्हणाले, "आत काही भरलंय की नुसता खोकाच विकला तुला?"

मित्राने समजावलं. चांगल्या डब्यात तांब्याची जाड वेटोळी असतात, वीज अडवून धरणारे भाग असतात. ते काढून टाकले की डबा हलका आणि स्वस्त होतो. "उद्या जा आणि बदलून घे. कार्ड जरा छोटं घे."

"उद्या जातो," मी म्हणालो. तो उद्या आलाच नाही. कॉम्प्युटर त्याच डब्यासकट घरी आला.

आमच्या घरात मोकळा प्लग एकच, देवघरालगत. देव्हाऱ्यावरच्या लाल बल्बसाठी बसवलेला, दोन भोकांचा. कॉम्प्युटरच्या वायरीला पिना तीन. तिसरी, जाड पिन अर्थिंगची. चुकून पत्र्यात वीज उतरलीच तर तिला जमिनीत नेणारी. मी ती हॅकसॉने कापली. दोन मिनिटं लागली.

त्या संध्याकाळी तळ्यात प्रतिबिंब दिसलं. मी इतक्या जोरात ओरडलो की खालच्या मजल्यावरचं बाळ झोपेतून उठून चालायला लागलं. मग मी कौतुकाने कॅबिनेटच्या पत्र्याच्या खोक्यावर हात ठेवला, आणि तळव्यातून कोपरापर्यंत मुंग्या चढल्या.

त्या दिवसापासून मी प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन, मांडी घालून खेळायचो. आई शेजारणीला सांगायची, "पोराला वळण बघा, कॉम्प्युटरसमोरसुद्धा मांडी घालून बसतो."

मी जपायचो ते फक्त स्वतःला. आईला रोज सकाळी न्हाऊन, ओल्या केसांनी, अनवाणी, ओल्या फडक्याने देव्हारा पुसायची सवय. आता फडकं टेबलाकडेही वळायला लागलं. मी सांगितलं, या मशीनला दुसऱ्याचा हात लागला की व्हायरस शिरतो. शेजाऱ्यांना पटलं. आई म्हणाली, "मी दुसरी होय रे?" मग मी म्हणालो, निदान रबरी चप्पल घालून हात लाव.

"देवासमोर चप्पल? जीभ झडली नाही तुझी?"

"अगं, शॉक बसू शकतो."

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ह्याचं बोलणं दहाने भागून घ्यायचं. शॉकला दहाने भागलं की काय उरतं? गुदगुल्या." आई खळखळून हसली. मीही हसलो. खरं पटवून द्यायचं तर बाबांचा हात धरून त्या पत्र्याला लावायला हवा होता. मग कापलेली पिन दिसली असती, डबा परत गेला असता, आणि त्याच्यामागोमाग कार्डही. त्यापेक्षा रोज सकाळी आईच्या आधी मीच कोरड्या फडक्याने टेबल पुसून ठेवू लागलो.

आषाढात भिंतींना ओल आली. मुंग्यांचे मुंगळे झाले. श्रावण लागला तोवर पत्रा विंचवासारखा डसायला लागला होता.

श्रावणात आई देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवायची. मुलांच्या आयुष्यासाठी दर शुक्रवारी तिची पूजा. आघाडा आणि दुर्वांची माळ, कापसाची वस्त्रं, मग पुरणाच्या दिव्यांनी माझं औक्षण. त्या वर्षी त्या भिंतीपुढे माझं टेबल होतं. कागदाला माळ घालायची तर एका हाताने टेबलावर रेलून पुढे वाकायला हवं. पहिल्या शुक्रवारी तिने मॉनिटरवर हात टेकला. दुसऱ्या शुक्रवारीही. दोन्ही वेळा मी आधीच भिंतीवरचं बटण बंद करून ठेवलं होतं. म्हटलं, झालं आपलं काम. चार शुक्रवारांचा तर प्रश्न.

तिसऱ्या शुक्रवारी मॉनिटर दुरुस्तीला गेला होता. टेबलावर एकटं कॅबिनेट. मित्र सकाळीच वाडीतली सोनटक्क्याची फुलं घेऊन आला. आई आत केस पुसत होती. त्याने कॅबिनेटवरून नजर वायरीपर्यंत नेली, प्लगजवळ वाकला, आणि सरळ होताना त्याचा चेहरा बदलला होता. पंपाच्या कामासाठी त्याच्या खिशात टेस्टर असायचा. तो त्याने कॅबिनेटच्या स्क्रूला लावला. टेस्टरच्या पोटात लाल ठिणगी पेटली.

"बंद कर आधी."

"बंदच आहे."

"बटण बघ."

"बघितलंय. वर आहे."

"मग हा पेटलाय कशावर?"

दोघांनाही कळायला फार वेळ लागला नाही. वायरमनने बटण उलट्या, म्हणजे परतीच्या तारेवर बसवलं होतं. बंद केलं तरी जिवंत तार थेट माझ्या नऊ केळ्यांच्या डब्यात येत होती, आणि डब्यातून पत्र्यात. दोन शुक्रवार आईला माझ्या बटणाने राखलंच नव्हतं. मॉनिटरच्या प्लास्टिकने राखलं होतं.

वायर ओढायचं सुचायच्या आत आई बाहेर आली. केसांतून पाणी ठिबकत होतं, पावलांचे ओले ठसे उमटत होते. डाव्या हातात माळ.

"आई, हात लावू नकोस! शॉक आहे त्यात!"

"हो हो, आणि व्हायरसही शिरेल," ती हसत म्हणाली, आणि उजवा हात कॅबिनेटवर टेकून पुढे वाकली.

ती ओरडली नाही. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. आवाज येत होता तो बांगड्यांचा. पत्र्यावर तडतड तडतड. माझ्या सगळ्या गोष्टींत मी उडी मारतो. त्या दिवशी मी हललो नाही. मित्राने टेबलाखाली झेप घेऊन वायर ओढली, तेव्हा कुठे आई मागे कोसळली आणि भिंतीला टेकून बसली.

मित्राने पंखा लावला. तिच्या ओठांचा रंग हळूहळू परत आला. मग ती भिंत धरून उठली.

"पाट मांड."

"आई, राहू दे ना आज."

"मांड म्हटलं ना."

मी पाटावर बसलो. मित्र दाराशी उभाच. तिने पुरणाचे दिवे पेटवले, ताम्हन उचललं. पहिल्या फेरीला ती शांतपणे म्हणाली, "कधीपासून माहीत होतं?"

माझ्या तोंडात निदान सात गोष्टी तयार होत्या. एकाहून एक सरस.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो.

दिवे माझ्या डोळ्यांसमोर थांबले. उरलेल्या फेऱ्या तिने पुऱ्या केल्या, त्याही डाव्या हाताने. जन्मात तिने मला डाव्या हाताने ओवाळलं नव्हतं. उजवा हात पदराखाली होता, आणि पदर हलत होता.